ओढून आणलेलं, आपसूक आलेलं

१७ सप्टेंबर १९७३, सोमवार

आमचे संपादक कोंद्रात इल्यिच यांनी आज बोलावून घेतलं आणि टेबलावरून एक जाडजूड बाड माझ्याकडे सरकवलं. मानसशास्त्रज्ञ तुचिन यांचं पुस्तक. स्मरण, बोलणं, भावना, सगळं एकत्र. इंग्रजीत करायचं आहे, तिकडचा प्रकाशक ठरलेला आहे, आणि वर्षअखेरीपर्यंत हवं आहे.

मी म्हटलं, "मी भौतिकशास्त्राची माणूस. पंपांची पुस्तकं केली, काँक्रीटची केली. मन वगैरे माझ्या वाट्याला कशाला?"

"काँक्रीटनंतर मन म्हणजे तुम्हाला विश्रांतीच," ते म्हणाले. मग जरा थांबून, "आणि घरी बसून करता येईल असं काम आहे. लेखक मॉस्कोतच राहतात, केव्हाही जाऊन विचारता येईल. तुम्हालाही जरा माणसांत..."

पुढचं त्यांनी गिळलं. आर्सेनी गेल्यापासून, मी विधवा झाल्यापासून, लोक माझ्याशी बोलताना वाक्यं अर्धी सोडतात. एप्रिलपासून मी अशी किती अर्धी वाक्यं गोळा केली असतील. मी बाड उचललं आणि घरी आले. बटाटे उकडले. पहिली दहा पानं वाचली. वाक्यं लांब आहेत, पण माणूस हुशार आहे.

२१ सप्टेंबर

तुचिनांकडे जाऊन आले. चौथा मजला, लिफ्ट बंद. दार त्यांच्या पत्नीने उघडलं. सेराफिमा ल्वोव्हना. उंच, हाडकुळी, केस पुरुषासारखे कापलेले. मला पायांत घालायला सपाता दिल्या आणि म्हणाली, "तासभर. त्याहून जास्त नको, ते थकतात." म्हणजे उंबरठ्यावरच नियम.

स्वतः तुचिन, वेनियामिन ग्लेबोविच, मात्र लाघवी. पांढरी दाढी, हात मोठाले, सुताराचे असावेत तसे. मी माझी अडचण मांडली. त्यांचं सगळं पुस्तक दोन शब्दांवर उभं आहे. एक 'प्रिपोमिनानिये', म्हणजे विहिरीतून बादली ओढावी तसं जोर लावून आठवणं. दुसरा 'वस्पमिनानिये', म्हणजे न बोलावता आपसूक आलेलं. आमच्या भाषेत दोघांचं नातं कानालाच कळतं. इंग्रजीत 'रिकॉल' आहे आणि 'रिकलेक्शन' आहे, आणि कोणता कोणाला द्यायचा यावर इंग्रजांचंच एकमत नाही.

त्यांनी मजेत डोळे मिटले. म्हणाले, "जोर लावण्याला रिकलेक्शन द्या. त्यात गोळा करणं आहे ना? वेचायचं म्हणजे वाकावं लागतं. कष्ट आले."

मला पटलं. बाईने मध्येच विचारलं, "लिहून घेतलंत ना?" जणू मी शाळकरी पोर.

३ ऑक्टोबर

डोरा विल्यमोव्हनाला पहिली तीन प्रकरणं दाखवली. डोरा आमच्याकडे इंग्रजी तपासते. लीड्स गावची. चौतीस साली एका रशियन इंजिनियरच्या प्रेमात पडून इथे आली आणि इथलीच झाली. बापाचं नाव विल्यम, म्हणून ती विल्यमोव्हना. अजूनही रशियन बोलते ते तोंडात गरम बटाटा धरल्यासारखं.

तिने पहिल्या पानावरच लाल पेन्सिल घेतली. "हे इंग्रजी नाही गं बाई. ही रशियन आहे, फक्त इंग्रजी कोट घालून आलीय."

"कोट बदल मग."

"कोट बदलून काय होतंय, चाल रशियनच आहे तिची. आणि हे काय? इथे कोण शिकतंय आणि कोण शिकवतंय?"

आता हे कसं सांगायचं? आमच्याकडे शिकणं आणि शिकवणं एकाच शब्दात राहतात, एका घरात राहावेत तसे. इंग्रजीला ते चालत नाही. तिला आधी हजेरी घ्यायची असते, गुरू कोण, शिष्य कोण. मी म्हटलं, "दोघंही." डोरा म्हणाली, "दोघंही असतील तर दोघांना वेगळी वेगळी वाक्यं दे. आमच्याकडे एका खोलीत दोन कुटुंबं राहत नाहीत."

"चाळीस वर्षं राहतेयस की तू तशी."

"म्हणूनच सांगतेय."

दुपारी कँटीनमध्ये कोबीचं सूप. तिने माझ्याकडे पाहून म्हटलं, "वाळलीस." मी म्हटलं, सूपच पातळ आहे.

९ ऑक्टोबर

आज वैताग आला. वेनियामिन ग्लेबोविचना सहाव्या प्रकरणाचं विचारायला गेले. बोलता बोलता मी रिकलेक्शन म्हटलं, तर ते दचकून म्हणाले, "हे कोणी सुचवलं तुम्हाला? जोर लावण्याला रिकॉलच हवं. कॉल म्हणजे हाक. माणूस अंधारात उभं राहून नावाने हाका मारतो, तसं."

मी म्हटलं, "तुम्हीच सांगितलं होतंत. वेचणं, वाकणं."

"मी?" असं म्हणून त्यांनी बायकोकडे पाहिलं.

सेराफिमा ल्वोव्हना झटकन म्हणाली, "त्यानंतर विचार केला त्यांनी. शास्त्रज्ञ विचार बदलतात, निनेल मार्कोव्हना." आणि पुढच्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं तिनेच दिली. ते काही बोलू लागले की ही वाक्य पुरं करते. "व्हेन्याला म्हणायचंय की..." "व्हेन्याचं मत असं..." एवढा मोठा माणूस, आणि घरात त्याला स्वतःचं वाक्य संपवायची मुभा नाही. निघताना त्यांनी माझा हात दोन्ही हातांत घेतला आणि म्हणाले, "पुन्हा या. तुम्ही काय करता?" त्यांना म्हणायचं असेल, आता पुढे काय करणार. मी म्हटलं, सातवं प्रकरण.

तीन प्रकरणांतले शब्द पुन्हा बदलायचे. टाइपरायटरची फीत संपत आलीय.

२० ऑक्टोबर, शनिवार

दिवसभर कुठे गेले नाही. आर्सेनीचे हिवाळी बूट कपाटातून काढले, चांभाराकडे टाच बदलायला टाकावेत म्हणून, आणि रस्त्यावर पोचल्यावर लक्षात आलं की टाच बदलून घालणार कोण. परत आले. पण असं होतं माणसाचं, सवय असते. बकव्हीटची खीर केली, अर्धी टाकली. अजून दोन माणसांचंच माप हाताला येतं.

सातवं प्रकरण झालं.

१ नोव्हेंबर

शेवटचं प्रकरण अखेर आलं. महिनाभर "टाइप होतंय, टाइप होतंय" चाललं होतं. सेराफिमा ल्वोव्हनाने स्वतः आणून दिलं, आमच्या कार्यालयाच्या खाली उभी राहून. वर आली नाही.

वाचलं, आणि चकित झाले. लांब शेपटीची वाक्यं गेली. सगळं आखूड, साधं, मोकळ्या हाताने लिहिल्यासारखं. म्हातारपणी लेखणी अशी सुधारलेली मी कोणाची पाहिली नाही.

विषय एकच शब्द. 'पेरेझिवानिये'. याला इंग्रजीत काय करावं देव जाणे. अनुभव म्हणावा, तर अनुभव नुसता येतो आणि जातो. हा येत नाही, यातून जावं लागतं. आतून सोसणं, घोर लागणं, आणि त्या सगळ्यातून जगून पलीकडे निघणं. याच क्रियापदाने आम्ही आणखी एक गोष्ट म्हणतो. एखाद्याच्या पश्चात जगत राहणं. अमकी नवऱ्यापेक्षा दहा वर्षं जास्त जगली, तिथेही हाच शब्द.

प्रकरणात एक वाक्य आहे: "जे माणसाला झालं ते नव्हे, तर जे झालं त्याचं माणसाने आत काय केलं, ते." मी ते चार प्रकारे इंग्रजीत करून पाहिलं. चारही खोडले.

१४ नोव्हेंबर

कोंद्रात इल्यिच खुशीत. तिकडच्या प्रकाशकाने प्रस्तावनेसाठी एक प्राध्यापक नेमलाय, डॉ. लॉरिमर, एडिंबरोचा. डिसेंबरात तो एका परिषदेला मॉस्कोत येतोय आणि त्याला लेखकाला भेटायचं आहे. घरी. संस्थेने परवानगीही दिली. दुभाषी मी.

"त्याला चार-दोन शंका आहेत. भेट चांगली झाली तर दुसरं पुस्तकही घेतील. बिघडली तर..." इथे त्यांनी खांदे उडवले. "तिकडे संशयी लोक असतात. लेखक जिवंत आहे ना, स्वतः बोलतो ना, हे बघायचं असतं त्यांना."

तेच सांगायला संध्याकाळी तुचिनांकडे गेले. सेराफिमा ल्वोव्हना कपडे आणायला लाँड्रीत गेली होती, दार वेनियामिन ग्लेबोविचनी उघडलं. पहिल्यांदाच ते मला एकटे भेटले. आनंद झाला, खरं तर. म्हटलं, आज तरी मोकळेपणी बोलतील.

बसलो. मी हस्तलिखित काढलं. त्यांनी पहिलं पान हातात घेतलं, आदराने वाचलं, आणि म्हणाले, "हे फार चांगलं आहे. कोणी लिहिलंय?"

मी हसले. ते हसले नाहीत. थांबून वाट पाहत राहिले, उत्तराची.

मी म्हटलं, "तुम्ही."

"असं?" ते म्हणाले. त्यांनी पुन्हा पान पाहिलं. "तरीच ओळखीचं वाटतंय." आणि मग, फार हळू, मला बरं वाटावं म्हणून बोलावं तसं, "सिमा येईलच आता. सिमाला सगळं माहीत असतं."

मी त्या सपातांत, मांडीवर बाड घेऊन, बसून राहिले. रिकलेक्शन, रिकॉल, 'व्हेन्याला म्हणायचंय की', तासाभराचा नियम. सप्टेंबरपासून मी त्या बाईला मनात काय काय म्हटलं होतं, ते सगळं एकदम आठवलं. ते ओढून आणावं लागलं नाही.

ती आली, गाठोडं दारात ठेवलं, आमच्या दोघांकडे पाहिलं आणि समजली. स्वयंपाकघरात मला म्हणाली, "दोन वर्षं झाली. आधी नावं गेली. मग आठवड्याचे वार. आता सकाळची संध्याकाळी राहत नाही."

"शेवटचं प्रकरण?"

"युद्धात उरलमधल्या इस्पितळात आम्ही दोघंही होतो. डोक्याला मार लागलेली मुलं. टिपणं तो सांगायचा, मी लिहायचे. कधी मी सांगायचे, तो लिहायचा. आता कुठलं कोणाचं, हे मलाच वेगळं काढता येत नाही." तिने किटलीखालचा गॅस बारीक केला. "तुम्ही कोंद्रात इल्यिचना सांगणार असाल तर आत्ताच सांगा. तो इंग्रज यायच्या आधी. हे पुस्तक छापलेलं व्हेन्याने हातात धरावं, एवढंच माझं मागणं आहे. ते कोणाचं हे त्याला कळलं नाही तरी चालेल."

मी म्हटलं, विचार करते. ट्रॉलीबसमध्ये विचार केला नाही. खिडकीबाहेर चिखल होता, तो बघत होते.

२३ नोव्हेंबर

सांगितलं नाही. कोंद्रात इल्यिचनी दोनदा विचारलं, म्हातारा कसा आहे. दोनदा म्हटलं, थकलेत, वय झालं.

पंचवीस वर्षं भाषांतर करतेय. मूळ लेखकाने चुकीचं लिहिलं असेल तर चुकीचंच उतरवायचं आणि समासात खूण करायची, असं मला शिकवलं गेलं. खूण करायला समासच उरला नाही तर काय करायचं हे कोणी शिकवलं नव्हतं.

६ डिसेंबर, गुरुवार

झालं एकदाचं. 

लॉरिमर पन्नाशीचा, लालसर, ओव्हरकोट फार पातळ. सोबत कोंद्रात इल्यिच, नवा टाय लावून. सेराफिमा ल्वोव्हनाने कोबी भरून भाजलेला पिरोग केला होता, मनुकांचा ब्रेड, रास्पबेरीचा मुरंबा. वेनियामिन ग्लेबोविच काळ्या सुटात, दाढी विंचरलेली. बघून कोणी म्हटलं नसतं.

"तुम्ही आगगाडीने आलात?" त्यांनी विचारलं. मी भाषांतर केलं. विमानाने, लॉरिमर म्हणाला.

मग वेनियामिन ग्लेबोविच आपणहून म्हणाले, "मी स्मरणावर पुस्तक लिहिलं आणि छत्री ट्रॉलीबसमध्ये विसरलो, असं माझी बायको म्हणते." हे ते प्रत्येकाला सांगतात, हे त्यांचं टिकून राहिलेलं वाक्य आहे. मी तोंड उघडायच्या आत लॉरिमर हसला. सभ्य माणूस, समोरच्याचा चेहरा बघूनच हसतो.

थोड्या वेळाने पुन्हा: "तुम्ही आगगाडीने आलात?"

सेराफिमा ल्वोव्हना नेमकी स्वयंपाकघरात होती. कोंद्रात इल्यिच पिरोग चावत होते. मी इंग्रजीत म्हटलं, "प्रोफेसर विचारताहेत, परिषद कशी चालली आहे." पंचवीस वर्षांत पहिल्यांदा. वाटलं होतं त्यापेक्षा सोपं निघालं, आणि त्याचीच भीती वाटली.

लॉरिमरने परिषदेचं सांगितलं. मग तो नेमक्या जागी आला. जोर लावून आठवणं आणि आपसूक आठवणं ही एकाच कामाची दोन टोकं, की दोन वेगळी कामं? पुस्तकात तुम्ही हे मोकळं सोडलंय.

मी प्रश्न रशियनमध्ये सांगितला. वेनियामिन ग्लेबोविच माझ्याकडे बघत राहिले. ओठ हलले. "प्रश्न चांगला आहे," ते म्हणाले. "उत्तर... ते तिथे असतं." हात पुस्तकांच्या कपाटाकडे गेला आणि हवेत राहिला. तो हात मला बघवला नाही.

मी इंग्रजीत बोलू लागले. चौथ्या प्रकरणातलं, आठव्यातलं, शेवटच्या प्रकरणात सेराफिमा ल्वोव्हनाने लिहिलेलं. तीन महिने ते सगळं माझ्या हातांतून गेलं होतं, कुठेही अडले नाही. दोन वेगळी कामं आहेत, मी म्हटलं, कारण जखमी माणसात एक मोडतं तेव्हा दुसरं शाबूत राहतं. एवढ्या चार शब्दांचं एवढं लांब भाषांतर कसं, हे कोणालाही कळलं असतं. कोंद्रात इल्यिच मान डोलवत होते, त्यांचं इंग्रजी शाळेतलं. लॉरिमर माझ्याकडे बघत नव्हता, त्या हाताकडे बघत होता.

आणि मग काय झालं कुणास ठाऊक. कदाचित चहाचा वास, कदाचित कपाटाकडे गेलेली नजर. वेनियामिन ग्लेबोविच स्वतःच बोलू लागले. इस्पितळात येर्योमिन नावाचा एक सुतार होता. कवटीत लोखंडाचा तुकडा. मुलीचं नाव विचारलं की घामाघूम व्हायचा, नाव येत नसे. "आम्ही विचारायचं बंद केलं," ते म्हणाले. "मी त्याला रंधा दिला. फळी दिली. तो रंधा मारायला लागला, आणि मारता मारता गुणगुणायला लागला, मुलीला झोपवायचं गाणं. आणि गाण्यात नाव होतं. ल्युबाशा. ते नाव त्याने आणलं नाही. ते हाताच्या मागून चालत आलं. सिमा रडली, मीही रडलो, आणि तो आमच्याकडे बघून विचारत होता, काय झालं डॉक्टर?"

सेराफिमा ल्वोव्हना किटली घेऊन दारात उभी होती. या वेळी मी शब्दन्‌शब्द भाषांतर केलं. स्वल्पविरामसुद्धा सोडला नाही.

लॉरिमरने चष्मा पुसला. म्हणाला, सिगारेट ओढायला स्वयंपाकघरात गेलं तर चालेल का. बराच वेळ तिकडेच होता. आम्ही इकडे पिरोग संपवला. वेनियामिन ग्लेबोविचनी मला विचारलं, हे गृहस्थ आगगाडीने आले का. मी म्हटलं, विमानाने.

१३ डिसेंबर

कोंद्रात इल्यिच म्हणाले, "लॉरिमर खूश आहे. दुसऱ्या पुस्तकाचंही बोलला. आणि काय सांगू तुम्हाला, विमानतळावर तो आमच्या ड्रायव्हरशी बोलत होता. रशियनमध्ये. युद्धात त्यांच्या आरमाराच्या जहाजांवर होता म्हणे, मुर्मान्स्कला दोन हिवाळे काढले, दुभाष्याचं काम केलं. उच्चार भयंकर, पण समजतं सगळं. मग आपल्याकडे दुभाषी कशाला मागितली, मी म्हटलं. तर म्हणाला, मोठ्या माणसाशी मोडक्या भाषेत बोलणं बरं दिसत नाही."

मी खुर्चीवर बसले. त्यांना वाटलं, मला कौतुकाने गहिवरून आलं.

दुभाष्याचं काम. म्हणजे त्याने दोन्हीकडचं ऐकलं. चार शब्द तिकडून आले आणि इकडून पानभर गेलं, ते शेजारी शेजारी ऐकलं, आणि त्या हाताकडे बघत राहिला.

१५ डिसेंबर

सरळ सेराफिमा ल्वोव्हनाकडे गेले आणि सगळं सांगितलं. ती लोकरीचा मोजा रफू करत होती. तिने दोरा दाताने तोडला.

"मला माहीत आहे," ती म्हणाली. "स्वयंपाकघरात तो माझ्याशी रशियनच बोलला. बोलला कसला, खलाशाची रशियन. बायकांसमोर बोलू नये असे दोन शब्द मध्ये आले, त्यांचा अर्थ त्याला ठाऊक नसावा. त्याच्या आईला हेच झालं होतं. सहा वर्षं."

"मग मला का नाही सांगितलंत? आठवडाभर मी..."

"त्यानेच सांगू नको म्हटलं. म्हणाला, ती बाई इतकं नीट करतेय, तिला कळलं तर तिला लाज वाटेल." तिने मोजा उलटा केला. "आणि म्हणाला, तिने जे उत्तर दिलं ते बरोबर आहे. पुस्तकात घाला."

म्हणजे त्या दिवशी खोलीत, कोंद्रात इल्यिच सोडले तर, सगळ्यांना सगळं माहीत होतं. मी एकटीच समजत होते की मी काहीतरी झाकतेय.

मी म्हटलं, "शेवटच्या प्रकरणावर तुमचं नाव घाला."

"नको."

"लोकांना कळायला हवं."

"लोकांना कशाला? व्हेन्याला मुखपृष्ठावर एकच नाव वाचता येतं. अजून तरी येतं." मग माझ्याकडे न बघता, "तळटीप टाकायची असेल तर टाका. बारीक अक्षरात. की टिपणं आम्ही दोघांनी घेतली होती."

आतून वेनियामिन ग्लेबोविचनी हाक मारली, "सिमा, कोण आलंय?" ती म्हणाली, "आपलं माणूस."

९ जानेवारी १९७४

नव्या वर्षाच्या सुट्ट्या संपल्या. डोरासोबत शेवटच्या प्रकरणावर बसले. तो एक शब्द अजून रिकामाच आहे, प्रत्येक ठिकाणी पेन्सिलीने चौकोन काढून ठेवलाय. पान कुलूप लावल्यासारखं दिसतं.

डोरा म्हणाली, "लिव्हिंग थ्रू. बास. इंग्रज माणसाला कळेल. यातून जगत जाणं."

"अर्धाच झाला. एखाद्याच्या मागे जगत राहणं, ते कुठे गेलं?"

"ते या पुस्तकात नाही."

"शब्दात आहे."

"तुझ्यात आहे," डोरा म्हणाली. तिने पेन्सिल ठेवली. "माझा नवरा अडतीस साली पोलिसांनी नेला. तो गेल्याचा कागद एवढ्या वर्षांनी आला. मी तेव्हा लगेच सगळ्यांना सांगत सुटले नाही, तो काळ तसा नव्हता. नंतर सांगायचं म्हटलं तर ऐकणारे उरले नव्हते. तुला काय अडचण आहे? आर्सेनी बिछान्यात गेला का, रस्त्यात गेला का, मला आजवर माहीत नाही. एका टेबलावर बसतो आपण."

"काम करू या," मी म्हटलं.

"करू या." तिने चौकोनात लिहिलं, लिव्हिंग थ्रू. मग पुढच्या चौकोनात. तिचं अक्षर फार सुंदर आहे, शाळेत वळण लावलेलं. मी तळटीप लिहिली, त्यात तो दुसरा अर्थ घातला. डोराने ती वाचली आणि एकही शब्द बदलला नाही.

१० फेब्रुवारी, रविवार

बाड छपाईला गेलं. पुस्तक यायला वर्ष लागेल, कोंद्रात इल्यिच म्हणतात. माझ्याकडे आता पुन्हा काहीतरी टर्बाइनचं येणार आहे.

आज काहीच काम नव्हतं. तरी ट्रॉलीबस पकडून तुचिनांकडे गेले. का, ते सांगता येणार नाही. सोबत मंडईतून लोणच्याच्या काकड्या नेल्या. लिफ्ट सुरू झालीय, पण मी चढूनच गेले.

सेराफिमा ल्वोव्हना दमलेली दिसत होती, डोळ्यांखाली काळं. रात्री ते उठून फिरतात म्हणे, इस्पितळातली फेरी चुकली असं वाटून. मी म्हटलं, तुम्ही जरा पडा, मी बसते. एरवी ती ऐकली नसती. आज गेली, दार मात्र उघडं ठेवलं.

वेनियामिन ग्लेबोविच खिडकीपाशी होते. मला ओळखलं नाही. पण बघत राहिले, नुसतं बघणं नाही, डॉक्टर बघतात तसं. डोळे, हात, मी कशी बसलेय ते. मग म्हणाले, "कोणाला गमावलंत?"

मी म्हटलं, "नवऱ्याला. एप्रिलमध्ये. हृदय."

"सांगा," ते म्हणाले.

"काय सांगू? एवढंच."

ते थांबले. त्यांना थांबता येतं. इतक्या महिन्यांत इतकं थांबलेलं मी कोणी पाहिलं नव्हतं, लोक अर्धं वाक्य सोडून दुसरीकडे जातात. काही वेळाने त्यांचे डोळे खिडकीकडे गेले, बर्फाकडे, आणि परत आले तेव्हा कोरे होते. त्यांनी मला पुन्हा पाहिलं, पुन्हा तसंच, वरपासून खालपर्यंत, आणि म्हणाले, "कोणाला गमावलंत?"

या वेळी मी म्हटलं, "आर्सेनीला. ब्रेड आणायला गेला होता. अंगणातल्या बाकावर बसला, ऊन पडलं होतं म्हणून. शेजारणीला वाटलं झोपलाय. ब्रेड मांडीवर होता, तो पडलासुद्धा नव्हता. मला बोलवायला आल्या तेव्हा मी पंपाचं प्रकरण टाइप करत होते. मी शेवटचं वाक्य पुरं केलं आणि मग गेले. मुद्दाम नाही. त्या म्हणाल्या, जरा खाली या. मला वाटलं, काहीतरी नळाचं असेल."

"ऊन होतं," ते म्हणाले.

"हो. वर्षातलं पहिलं."

मी रडत होते हे मला उशिरा कळलं. त्यांनी खिशातून रुमाल काढून दिला. इस्त्रीची घडी होती. मग आम्ही दोघंही खिडकीबाहेर बघत बसलो. अंगणात कोणीतरी गालिचा बर्फावर टाकून झोडपत होतं.

थोड्या वेळाने त्यांनी मान वळवली. तेच डोळे, तीच काळजी, पहिल्यांदाच बघितल्यासारखी. "कोणाला गमावलंत?"

दारातून सेराफिमा ल्वोव्हनाचा आवाज आला. झोपली नव्हतीच ती. "व्हेन्या, पुरे आता. त्यांना त्रास होतो."

"नाही," मी म्हटलं. "विचारू दे त्यांना."

आणि मी त्यांना आर्सेनीचं सांगायला लागले. या वेळी बाकापासून नाही. तो न्हाणीघरात शीळ घालायचा, एकही सूर बरोबर लागायचा नाही, तिथपासून.